वन्संचा सोमवार

“हौशे, ऊठ गो. टोपली घे.”

डोळे उघडले तर वन्सं माझ्या उशाशी उभ्या. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात काठी. बाहेर धड उजाडलं नव्हतं. पागोळ्या थांबल्या होत्या आणि परसातल्या केळीच्या पानांवरून राहिलेलं पाणी गळत होतं.

“कुठं जायाचं, वन्सं?”

“दर वर्षी इचारतंस, ता आता इचारू नको. चल.”

मी ताडकन उठले. श्रावण अर्धा सरला होता आणि आदल्या दुपारी ढग गडगडले होते. असं गडगडलं की दुसऱ्या पहाटे वन्सं एकट्याच निघायच्या आणि ऊन वर येईतो परतायच्या. टोपलीवर सागाची पानं झाकलेली, पानांखाली अळंबी. ही भाजीवाल्याकडची बटणाएवढी नव्हे. वारुळावर येणारी, ताटलीएवढी, पांढरी, मधोमध राखाडी टिळा लावलेली.

मी घाटावरची. आमच्या गावाकडं उकिरड्यावर असलं काही उगवलं तर त्याला कुत्र्याची छत्री म्हणायचे आणि येताजाता पायानं उडवायचे. ते माणसं खातात हे मला कोकणात नांदायला आल्यावर कळलं. पहिल्या श्रावणात माझ्या ताटात ते वाढलं तेव्हा मी विचारलं होतं, “हे कशाचं मटण?” त्यावर सगळं घर हसलं. ह्यांना तर ठसकाच लागला. “तुमच्या घाटार श्रावणात मटण शिजवतत?” वन्संनी विचारलं, पण त्यांनीच आणखी एक डाव माझ्या ताटात घातला. आधी भीत भीत खाल्लं, मग बोटं चाटून.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, सत्यभामा. गाव त्यांना भामाक्का म्हणायचं. कपाळाला कुंकू होतं, पण कुंकवाचा धनी बोटीवर कामाला गेला तो परत फिरकला नाही. वर्षभर वाट पाहून त्या माहेरी आल्या त्या कायमच्या. पोटी मूल नाही. घर त्यांच्या हातावर चालायचं आणि हात कधी रिकामा दिसायचा नाही.

त्या वारुळाची जागा घरात फक्त त्यांना ठाऊक होती. आमच्या सासूबाईंनी त्यांना दाखवली होती, सासूबाईंना त्यांच्या सासूनं. घरातल्या एका बाईनं दुसरीला दाखवायची, अशीच ती रीत. ह्यांनासुद्धा पत्ता नव्हता. “बाप्याक जागो कळलो तर तो टोपली भरून बाजारात बसतलो,” असं वन्सं त्यांच्या तोंडावर म्हणायच्या.

मी दर श्रावणात पाठीस लागायची, “मला न्या की, वन्सं.”

“पुढल्या वर्षी.”

आणि पुढल्या वर्षी पुन्हा, “पुढल्या वर्षी.”

दोन लेकरं झाली. भात लावायला शिकले, बांगडा साफ करायला शिकले, ओली काजू सोलून हाताची सालं काढून घेतली. तरी विहिरीवर कुणी विचारलं की “ती कोण?” तर “लवूची घाटीण” हेच उत्तर. ह्यांचं नाव लवू. मला वाटायचं, ज्या दिवशी वन्सं मला वारूळ दाखवतील त्या दिवशी मी ह्या घरची. त्याआधी मी नुसती राहायला आलेली.

म्हणून त्या पहाटे टोपली काखेला मारून मी निघाले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते.

वन्सं पुढं, मी मागं. काजूची बाग ओलांडली, व्हाळ ओलांडला. पाणी पोटरीपर्यंत होतं आणि गार होतं. वन्सं काठी टेकत चालत होत्या. एरवी त्या आमच्यापेक्षा जोरात चालायच्या, त्या दिवशी चाल बेताची होती. त्या वर्षी त्या वाळल्याही होत्या. चोळी अंगावर सैल झाली होती, पदर सारखा घट्ट लपेटलेला असायचा. आषाढात बांगड्या भरायला म्हणून दोनदा कुडाळला जाऊन आल्या आणि दोन्ही वेळा हातात जुन्याच बांगड्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “माझ्या मापाच्यो नाय गावल्यो.”

चढणीला त्या एकदम थांबल्या. काठी सोडून डाव्या काखेखाली हात दाबून उभ्या राहिल्या.

“काय झालं, वन्सं?”

“जळू लागली. थंयच रव तू.”

मी जिथल्या तिथं थांबले. त्या माझ्याकडं पाठ करून बराच वेळ उभ्या होत्या. मग वाकून काठी उचलली आणि चालू लागल्या. सबंध वाटेत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, घाई आहे. लोकांची ये-जा सुरू व्हायच्या आत परतायचं आहे.

सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळमाळाच्या, कडेला, एका वाकलेल्या किंजळाच्या झाडाखाली, माझ्या कमरेला लागेल एवढं तांबडं वारूळ होतं. आणि त्याच्या पायथ्याला, जणू कुणी रात्रीतून पंगत मांडून पानं वाढून गेलं होतं. काही मिटलेली, टोकदार, काही उमलून सपाट झालेली. ओल्या मातीचा वास होता आणि त्याच्या आत आणखी एक वास, ताज्या दळलेल्या पिठासारखा.

मी घाईघाईनं हात घातला.

“थांब. आधी इचार.”

“कुणाला?”

“वारुळाक. तेचा घर हा. कोणाच्या घरात न इचारता शिरतंस?”

मला हसू आलं. वन्संनाही आलं. “हास. तुम्ही घाटार काय्येक इचारीत नाय, म्हणान तुमच्याकडे पावस नाय.”

“काय म्हणायचं मग?”

त्यांनी डोक्यावरची खोळ मागं सारली, पदर घेतला, आणि दळताना गातात त्या सुरात, अगदी हळू, वारुळाशी बोलल्यासारख्या म्हणाल्या:

वारुळा रे दादा, तुझं दार पांढरं झालं
माहेर माझं दूर, तुझ्या अंगणी गं आलं

त्या थांबल्या. मला वाटलं झालं. पण त्यांनी माझा दंड धरून मला पुढं केलं आणि आणखी एक कडवं म्हणाल्या:

वारुळा रे दादा, माझी येरझार सरली
भावजय माझी, तुझ्या दारी उभी केली

“हे दुसरं मला नव्हतं ठाऊक,” मी म्हणाले. दळताना त्यांच्या ओव्या ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसल्या होत्या. ही कधी ऐकली नव्हती.

“ता सारख्या म्हणूचा नसता. हात घाल आता. खेच नको. मुळाक धरून फिरव. मूळ खोल आसता, माणसासारखा.”

मी मुळाला धरून फिरवलं. हातभर लांब पांढरं मूळ मातीतून अलगद सुटून आलं. वन्सं बाजूच्या दगडावर बसल्या होत्या. मिटलेल्यांना हात लावू नको, ती वारुळाची. किडलेली राहू दे, ती किड्यांची. खड्डा बुजव, वर पाला टाक. सांगत होत्या सगळं, पण स्वतः एकही उपटली नाही. मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी जास्तच मन लावून काम केलं.

टोपली भरली. वन्सं उठल्या आणि वारुळावर तळहात टेकून उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर ठेवतात तसा हात. मग मला म्हणाल्या, “वाट ध्यानात ऱ्हायली मां?”

“राहिली. आणि पुढल्या वर्षी तुम्ही असालच की बरोबर.”

त्या चालू लागल्या होत्या.

घरी आल्यावरही तेच. दर वर्षी माझ्याकडं फक्त खोबरं वाटायचं काम असायचं, त्या दिवशी वन्सं उंबऱ्यावर बसल्या आणि चूल माझ्या ताब्यात दिली.

“पाण्यात बुडव नको गो तेंका. छत्रे हत, कपडे न्हय. ओल्या फडक्यान पूस.”

मी पुसली. मुळाची माती खरवडली. विळीकडं हात गेला तशी त्यांची काठी जमिनीवर आपटली. “लोखंड लावूचा नाय. हातान फाड.” मी फाडली. दांड्यांचे कोंबडीच्या मांसासारखे लांब धागे सुटत होते. खोबरेल तापवलं, लसूण ठेचून टाकला, कांदा गुलाबी होईतो परतला, हळद, घरचा मसाला. मग अळंबी घातली. तिचं तिलाच पाणी सुटलं आणि रस्सा व्हायला लागला. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण मी हातानं वाटलं, पाट्यावर, बारीक.

“वन्सं, जरा मीठ बघा की.”

“तुझ्या जिभेक काय झाला?”

“दर वर्षी तुम्हीच बघता.”

“म्हणान तुका कधी येवचा नाय. तूच बघ. दोन सोलां टाक आणि उतर खाली.”

मी चाखलं. कोकमं टाकली. वास सगळ्या घरात भरला, अंगणात गेला. पोरं वासामागं धावत आली. हे शेतावरून आले ते चिखलाच्या पायांनी तसेच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. “अक्का, अळंबी गावली?”

“माका काय इचारतंस? हौशेन हाडल्यान, हौशेन रांधल्यान.”

माझी मान ताठ झाली, खोटं कशाला सांगू. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग वन्संकडं. पाय धुवायला गेले.

मी पानं घेतली. तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. पोरांना वाढलं, ह्यांना वाढलं. मग वन्संच्या पानात, त्यांनी आजवर माझ्या पानात वाढलं तसं, डाव भरून वाढायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला.

“माका नको. माझो सोमवार हा.”

त्या दिवशी बुधवार होता.

डाव माझ्या हातात तसाच राहिला. एक थेंब रस्सा पानाबाहेर जमिनीवर पडला. धाकट्या लेकीनं “आत्या, आज बुदवार,” असं म्हटलं आणि थोरल्यानं तिला कोपरानं ढोसलं. ह्यांचा घास तोंडाशी थांबला होता. तो त्यांनी परत पानात ठेवला, उठले आणि बाहेर पडवीत गेले. पान अर्धं.

मला काय वाटलं ते सांगते. वाटलं, वारूळ दाखवलं ते दाखवलं, पण घाटिणीच्या हातचं गिळवत नाही. आणि बहीण खात नाही म्हणून भाऊही उठला.

“वन्सं,” मी म्हणाले, “आज बुधवार हाय. माझ्या हातचं नको असंल तर तसं सांगा. वार कशाला बदलताय.”

वन्संनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नाहीत. “तुझ्या हातचा नको, तर तुका थंय न्हेलंय कित्याक गो?”

“मग जेवा की.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताकात बुडवला.

तेवढ्यात हे परत आले. हात ओले, ते पुसायचं भान नाही. दारात उभे राहून म्हणाले, “अक्का, आज बुधवार.”

“असांदे.”

“आवशीन तुका जागो दाखवल्यान, त्या दिवशी तीय म्हणालेली. माझो सोमवार. मी ल्हान होतंय, पण माका आठवता. तूच तिका म्हणालेलंस, आवशी, आज शनवार.”

वन्सं भाकरी खात होत्या.

“त्याच दिवाळीक ती गेली,” हे म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले, पण मला सांगत नव्हते.

मी विचारलं, “काय? काय झालंय?”

मग ह्यांनी सांगितलं. अडखळत, एकेक शब्द. जागा एका वेळी एकीचीच असते. दिली की देणारीचा तिथला हात सुटला. म्हणून ती त्यातलं खात नाही, उपटतही नाही; वार कुठलाही असो, ‘माझा सोमवार’ म्हणते. आणि पुढच्या श्रावणात आपण नसू असं कळल्याशिवाय कुणी ती देत नाही. हे गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी दर वर्षी हौसेनं मागत होते.

पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी, असं म्हणून त्या दर श्रावणात काय सांगत होत्या, ते माझ्या ध्यानात आलं.

“कधीपासून?” ह्यांनी विचारलं.

“शिमग्यापासून. काखेत गाठ लागली हाताक. कुडाळचो डॉक्टर म्हणता, गोव्याक जावा.”

“आणि माका सांगूक नाय?”

“सांगून काय केलं असतंस? लावणी सोडून माका घेवन फिरलं असतंस. शेत पडीक.” त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली. “आता लावणी झाली.”

हे भिंतीला टेकून खाली बसले. पोरं कावरीबावरी. वन्संनी त्यांच्या पानांकडं बोट केलं. “जेवा रे. हौशेन पयल्यांदा रांधल्यान. लवू, तूय जेव. थंड होता.”

आणि हे उठून पानावर बसले आणि जेवले. सगळं जेवले. डोळ्यांतलं पाणी पानात पडत होतं आणि ते जेवत होते. शेवटी म्हणाले, “बरा झाला हा.” वन्सं म्हणाल्या, “मीठ वायच कमी. वासावरून कळता.”

दुसऱ्या आठवड्यात गोव्याला नेलं. उशीर झालाय, डॉक्टर म्हणाले. औषधं दिली, परत पाठवलं. घरातल्या ओव्या थांबल्या. मी दळायची, पण माझ्या तोंडून ओवी निघायची नाही.

त्या दिवशीची मूठभर अळंबी मी चुलीवरच्या शिंक्यात वाळत ठेवली होती. मार्गशीर्षात वन्संना पेजेशिवाय काही जाईना, तेव्हा एक दिवस मी ती कुस्करून, भाजून, पेजेत घातली. वाटलं, एवढीशी, कळायचीसुद्धा नाही. रीत बाईनं केली, बाईनं मोडली तर काय बिघडलं. चमचा ओठांशी नेला. डोळे मिटलेलेच होते. वास आला असावा. चेहऱ्यावर हसू आलं, आणि त्यांनी ओठ मिटून घेतले.

“सोमवार,” म्हणाल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी गेल्या.

पुढच्या श्रावणात ढग गडगडले तशी मी एकटी गेले. काजूची बाग, व्हाळ, चढण. चढणीला त्या थांबल्या होत्या तिथं थांबले. वारुळापाशी पदर घेतला. पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं नाही. परतताना विहिरीवरच्या बायकांनी माझी झाकलेली टोपली पाहिली आणि बाजूला सरून वाट दिली. त्या दिवसानंतर मला कुणी घाटीण म्हटलं नाही.

आता हे नाहीत. लेक आपल्या घरी नांदते. मुलगा कणकवलीला बसडेपोत कामाला आहे, रोज जाऊन-येऊन करतो. सून मयूरी आचऱ्याकडची. बोलायला चुरचुरीत, बी.कॉम. झालेली. तिनं मला जागा कधी विचारली नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, आजकालच्या पोरी, कोण चिखलात जातंय. मी आणायची, ती कॅमेऱ्यात फोटो काढायची, मग दोघी मिळून फाडायचो.

यंदा परवा गडगडलं. संध्याकाळी ती खोबरं किसत बसली होती. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “मयूरी, उद्या लवकर ऊठ. तुका जागो दाखवतंय.”

किसणीवरचा हात थांबला.

“माका नको.”

“नको काय? इतकी वर्सां मीच जातंय.”

“तुम्हीच जावा. मी नाय येवचंय.” तिनं वर पाहिलं नाही. “आई, गेल्या महिन्यात दोनदा कुडाळला गेलेलात. तुम्हीपण बांगड्याच भरायला?”

“मग?”

“खय हत बांगड्यो?”

मी हात पदराखाली घेतले. ह्या घरात मीच तिला सगळं सांगितलं होतं. वन्संच्या बांगड्या, वन्संचा सोमवार, पेजेतली वाळलेली अळंबी. मला त्या वेळी ठाऊक असतं तर मीही असंच म्हटलं असतं, मला नको. वाटेत आडवी पडले असते. मला ठाऊक नव्हतं म्हणून मी टोपली घेऊन नाचत गेले. ही पोर सगळं जाणून होती. म्हणून इतकी वर्षं तिनं विचारलं नव्हतं.

ती उठून आत गेली. किसणी तशीच राहिली. उरलेलं खोबरं मी किसलं.

पहाटे उठून बाहेर आले तर ती पायरीवर बसली होती. टोपली मांडीत, डोळे सुजलेले.

“येतंय मी,” म्हणाली. “पण तिथून आलो की मी रांधणार, आणि तुम्ही माझ्या पंगतीला बसून जेवणार. आज शुक्रवार हा, आई. इसरा नको.”

मी काठी घेतली आणि पुढं झाले. मागून तिच्या चपलांचा आवाज येत होता. काजूची बाग गेली, व्हाळ आला. पाणी पोटरीपर्यंत होतं, गार होतं. मी मागं वळून पाहिलं नाही. वन्संनीही पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं होतं, त्यांना घाई आहे.